गाडी कुठे फसते?

गोंदिया जिल्ह्यात गाडी फसते ती डोंगरात नाही, सपाटीवर. सालेकसा-दरेकसाचा चढ, देवरीकडचे जंगल, प्रतापगडची वाट ही सगळी ठिकाणे खडबडीत खरी, पण तिथे चाकाखाली काहीतरी टणक लागते. खरी पंचाईत होते ती धानाच्या पट्ट्यात. रस्ता सोडून दोनशे पावले आत गेले की पांदण लागते, पांदणीच्या दोन्ही बाजूंना बांध्या भरलेल्या असतात आणि मधल्या बंडीच्या चाकोरीत गाडीचा पाटा टेकतो. मागचे चाक जागच्या जागी फिरू लागते. मग रोवणीवरचा कुणीतरी मान वर न करताच म्हणतो, ‘फसली का?’

या भागातला शेतकरी माती नावानिशी ओळखतो. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी. कन्हार काळी, चिकट आणि पाणी धरून ठेवणारी. बरडी मुरमाड, पाऊस थांबला की दोन तासांत चालण्याजोगी. कुठल्या बांधीत कुठले धान लावायचे हे तो मातीवरून ठरवतो. गाडी घेणारा मात्र मातीकडे पाहत नाही, जाहिरातीकडे पाहतो. आणि जाहिरातीत लडाख असते, राजस्थानची वाळू असते, कन्हार कुठेच नसते. दणकट गाडी घ्यावी का, घेतलीच तर तिला काय काय लावावे, या प्रश्नाचा या जिल्ह्यापुरता विचार करायचा तर सुरुवात मातीपासून आणि पंचांगापासून करावी लागते. बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जिल्ह्यातल्या नव्वद टक्के वाटांवर साधी मोटारसायकलही जाते. म्हणजे लाखो रुपयांची चार चाकांची ताकद लागते ती वर्षातून चार महिने, तीही ठरावीक जागी. हा हिशेब ज्याने मांडला त्याचे निम्मे सामान आपोआप वाचते, असे माझे मत आहे.

जीप इकडे नवी नाही. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. फाळणीनंतर हे भागीदार पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि इकडे कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ जाऊन दुसरा ‘महिंद्र’ आला. १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपची जोडणी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेली ही गाडी, साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, दोन दांड्यांची चौकट आणि वर जवळजवळ काहीच नाही. वनखाते, पाटबंधारे, पोलीस आणि तेंदूपत्त्याचे ठेकेदार यांनी ती उचलली. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात (गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला) जीप म्हणजे सरकार किंवा ठेकेदार, तिसरे कुणी नाही. उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर जी धूळ उडवत यायची ती जीपच.

पुढे डिझेल आले. प्यूजोच्या परवान्यावर बनलेले इंजिन घातलेली एमएम ५४०, मग कमांडर, मार्शल, आर्मडा. यातल्या कमांडरने आणि टेम्पो ट्रॅक्सने जिल्ह्यात जे केले ते कुठल्याही जाहिरातीत आले नाही. काळी-पिवळी झाली. जिथे एसटी दिवसातून दोनदा, तिथे काळी-पिवळी भरेल तेव्हा. परवान्यात नऊ-दहा जागा, आत पंधरा माणसे, टपावर मोहफुलाची पोती, मागच्या शिडीला लटकलेली दोन पोरे. गाडीला जास्तीचे सामान लावण्याची इथली परंपरा शोधायची असेल तर ती या गाड्यांत आहे. टपावरचा लोखंडी कॅरियर, मागची शिडी, जादा घातलेला कमानीचा पाटा, दोराने आवळलेली ताडपत्री, पुढच्या बंपरला वेल्डिंग करून बसवलेला हूक. हे सगळे गावातल्या वेल्डरकडे झाले आणि प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते मालकाला तोंडपाठ होते. माणसे अशी कोंबणे धोक्याचे होते, त्यात जीवही गेले. त्याचे समर्थन नाही. पण त्या गाडीवर एकही वस्तू नुसती दिसण्यासाठी नव्हती.

आज जिल्ह्याची खरी दणकट गाडी कोणती असे विचारले तर मी बोलेरो म्हणेन. २००० साली आलेली ही गाडी मागच्याच चाकांवर चालते, तरी तहसीलदार, बीडीओ, डॉक्टर, राइस मिलवाला, सरपंच असा सगळा जिल्हा तिने वाहिला. तिचेच पिकअप रूप धानाची पोती, शेळ्या, मंडपाचे बांबू आणि लग्नाचे वऱ्हाड वाहते. बोलेरोचे गुण कागदावर मामुली आहेत: उंच बसणी, जाड पत्रा, कमानीचे पाटे आणि कुठल्याही चौकात मिळणारा मिस्त्री. शेवटचा गुण सर्वांत मोठा. देवरीच्या पुढे, ककोडी-चिचगडच्या बाजूला गाडी बंद पडली तर संगणक लावून दोष शोधणारे वर्कशॉप जवळ नसते. पाना आणि स्क्रूड्रायव्हर असतो.

मग थार. पहिली २०१० ची, जुन्या जीपची सख्खी वारस. दुसरी २०२० च्या २ ऑक्टोबरला बाजारात आली आणि चित्र पालटले. गाडीत एसी, पडदा, मऊ बसणी. जीप जी कामाची होती ती घरची झाली. २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची रॉक्स आली आणि बायकोमुलांची अडचणही मिटली. एमएच ३५ नंबरच्या थार आता गोंदिया शहरात रेलटोलीच्या मार्गावर, तिरोड्यात, आमगावात सहज दिसतात. वाढदिवसाला, वरातीला, निवडणुकीच्या फेरीला थार लागते. मिरवायला माझी हरकत नाही. आमच्याकडे शंकरपटाची बैलजोडीही मिरवण्यासाठीच सजवतात, फक्त ती जोडी पटावर धावूनही दाखवते.

यात एक गोम आहे, ती दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. रस्त्यावरच्या सगळ्याच थार चारही चाकांवर चालणाऱ्या नाहीत. चार मीटरच्या आतली आणि दीड लिटरच्या आतले डिझेल इंजिन असलेली गाडी करात स्वस्त पडते, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये दीड लिटर डिझेलची, नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थार आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा ही दरी स्पष्टच झाली: या लहान गटाला १८ टक्के, त्याबाहेरच्याला ४० टक्के. २.२ लिटर डिझेलची फोर बाय फोर थार दुसऱ्या गटात जाते. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. आत एकीत लो रेंजचा छोटा दांडा असतो, दुसरीत नसतो. मागच्या चाकांची थार घेऊन तिला राक्षसी टायर लावायचे आणि पांदणीत शिरायचे, हा प्रकार सध्या फार. ती बोलेरोइतकीच जाते. वजनामुळे कधी तिच्याहूनही कमी.

वजनावरून जिप्सी आठवते. १९८५ च्या शेवटी आलेली, २०१९ च्या सुमारास बंद झालेली मारुती जिप्सी हजार किलोच्या आत बसायची. थार पावणेदोन टनांच्या आसपास. दगड चढायचा असेल तर थारची ताकद कामी येते, कन्हार मातीत मात्र हलके असणे हीच ताकद असते. नागझिऱ्याच्या सफारीत जिप्सीला इतकी वर्षे कुणी हटवू शकले नाही त्यामागे उघडी बॉडी आणि पेट्रोल इंजिनाचा कमी आवाज होता तसा हा हलकेपणाही होता. तिची वारस जिम्नी २०२३ मध्ये आली. हलकी, लो रेंजसह, चांगली गाडी. पण तिला आपल्याकडे ‘लहान’ म्हणून नाके मुरडली गेली. फोर्सची गुरखा उलट टोकाची. पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक कारखान्यातूनच मिळतात, हवा ओढणारा स्नॉर्केलही कंपनीचाच. शुद्ध कामाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या तोडीची गाडी या किमतीत नाही, आणि तरी ती जिल्ह्यात क्वचितच दिसते. विकत घेताना माणूस सर्व्हिस सेंटर किती लांब ते पाहतो, आणि बरोबरच करतो.

आता सामानाकडे. सर्वांत आधी टायर, कारण जमिनीशी गाडीचा संबंध तेवढाच. बाजारात तीन जाती: रस्त्याचा, सर्व जमिनींचा म्हणजे एटी, आणि चिखलाचा म्हणजे एमटी. एमटीच्या खाचा खोल आणि लांब-लांब असतात. चाक फिरले की चिखल त्यांतून फेकला जातो आणि दुसऱ्या फेरीला खाच मोकळी मिळते. साध्या टायरच्या बारीक खाचा एका फेरीत कन्हारने भरतात, चाक गुळगुळीत होते. हेच तत्त्व इथल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. चिखलणीला तो लोखंडी केजव्हील लावतो. चिखल पिंजऱ्यातून आरपार जातो, पट्ट्या तळच्या टणक थराला पकडतात. केजव्हील ही या जिल्ह्यातली सर्वांत यशस्वी ऑफ-रोड ॲक्सेसरी आहे, फक्त तिला तसे कुणी म्हणत नाही. तीच पुन्हा डांबरी रस्त्यावर फिरवली की रस्त्याच्या कडा सोलते. नियमात बसत नाही, तरी फिरते.

यातून एक धडा निघतो तो चकचकीत दुकानांच्या उलट आहे. धानाच्या चिखलात रुंद टायर चांगला असे नाही. रुंद टायर वाळूत चांगला. वैनगंगेच्या किंवा बाघ नदीच्या पात्रात तो तरंगल्यासारखा वर राहतो. चिखलाखाली फूटभरावर टणक थर असेल तर अरुंद, खोल खाचांचा टायर खाली जाऊन तो थर पकडतो. जुन्या विलीजचे टायर किती अरुंद होते ते कुठल्याही फोटोत पाहावे. आणि एमटीची किंमत रोज मोजावी लागते: डांबरावर घोंघाट, पावसात ब्रेक लांब, झीज लवकर, डिझेल जास्त. जो माणूस महिन्याला दोन हजार किलोमीटर डांबरावर चालतो आणि वीस पांदणीत, त्याला एटी पुरे.

मोठ्या व्यासाचा टायर लावला की गाडी उंच होते, हे खरे, पण निम्मीच. व्यास दोन इंच वाढवला तर पोटाची उंची एकच इंच वाढते. उलट थारच्या मूळच्या एकतीस इंची चाकावर दोन इंच चढवले तर मीटर ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी पंच्याऐंशीवर असते, गिअर जड होतात आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. मग मडगार्ड कापायचे, मग स्प्रिंग उंच करायच्या, मग स्टिअरिंगचे जॉइंट लवकर जातात. एक वस्तू दुसरीला बोलावते. कंपनीची थार मुळातच २२६ मिलिमीटर उंच आहे. पांदणीतल्या बहुतेक चाकोऱ्यांना तेवढी पुरते, आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीला एक इंच जास्तीचाही पुरत नाही.

टायरपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची गोष्ट म्हणजे त्यातली हवा. तीस-बत्तीसवरून अठरा-वीसवर आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त लागतो. तेवढ्यावर निम्म्या फसलेल्या गाड्या स्वतःच्या जोरावर निघतात. डांबरावर येताच पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचे यंत्र. या दोन वस्तू मी पहिल्या यादीत लिहीन. सोबत जॅकखाली ठेवायला एक जाड फळी, कारण चिखलात जॅक गाडी वर उचलत नाही, स्वतःच खाली जातो. फावडे. आणि चांगला, ताणणारा पट्टा, दोन मजबूत शॅकल. हे सगळे मिळून दहा-बारा हजारांत होते आणि सीटखाली मावते. दिसत नाही, हा त्याचा दोष.

पट्ट्याबद्दल थोडे जास्त लिहितो. आपल्याकडे फसलेली गाडी ट्रॅक्टर लावून काढतात, तीही साखळीने. साखळी ताणत नाही. ट्रॅक्टरने झटका दिला की सगळा जोर एका कडीवर येतो. कडी किंवा हूक तुटला तर तो तुकडा गोळीसारखा काचेतून आत येतो. साखळी बांधायची जागाही बहुधा चुकीची असते: बंपर, कमानीचा पाटा, स्टिअरिंगची दांडी, जे हाताला लागेल ते. गाडीच्या चौकटीला टो हूक कुठे आहे हे गाडी घेतल्याच्या दिवशीच वाकून पाहून ठेवावे. ओढताना साखळीवर ओले पोते किंवा सतरंजी टाकावी. तुटली तर तिची उसळी मरते. बघ्यांना साखळीच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे. हे शेवटचे आमच्या गावांत सर्वांत अवघड, कारण गाडी निघताना बघायला अख्खे टोळके लागते.

विंचचे आकर्षण मोठे. पुढच्या बंपरात तारेचे रीळ, बटण दाबले की गाडी स्वतःला ओढते. सह्याद्रीत, हिमालयात त्याला तोड नाही. पण विंचला बांधायला काहीतरी लागते. धानाच्या मैदानात धुऱ्यावर एखादे पळसाचे झुडूप, लांबवर बाभूळ. बांधणार कशाला? जंगलात झाडे आहेत, तिथे साली सोलणारी तार गुंडाळली तर वनरक्षक विचारणारच. पस्तीस-चाळीस किलोचे ते धूड पुढच्या चाकांवर कायमचे बसते, आणि चिखलात पुढचा भार हा शत्रू. या जिल्ह्यात विंचचे काम ट्रॅक्टर करतो, आणि ट्रॅक्टर प्रत्येक टोलीत आहे.

पाण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, त्यांचे सांडवे, बोड्या, नाले, आणि त्यांवरचे बुटके रपटे. जुलै-ऑगस्टात रपट्यावरून पाणी जाते आणि दोन्ही बाजूंना गाड्या थांबतात. मग स्नॉर्केलवाला पुढे सरसावतो. कंपनी म्हणते ६५० मिलिमीटर पाण्यातून थार जाते, गुरखा ७०० मधून. हे आकडे स्थिर पाण्याचे आहेत. स्नॉर्केल इंजिनात पाणी शिरू देत नाही, एवढेच. गाडी वाहून जाणे तो थांबवत नाही. हिशेब सोपा आहे. गाडीचे पोट पाण्याला टेकले की वरच्या दर दहा सेंटिमीटर पाण्यामागे, आत पाणी शिरेपर्यंत, पाचेकशे किलो वजन पाणी उचलते. पावणेदोन टनांची गाडी म्हणजे पोटाच्या वर फूटभर पाणी पुरे. त्याच्या आधीच चाकांची पकड सुटते, आणि वाहते पाणी आडवे ढकलतच असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की मधला तुकडा रात्री वाहून गेला, हेही कळत नाही. मोठ्या गाडीचा माणूस छोट्या गाडीवाल्यापेक्षा जास्त खोल पाण्यात शिरतो. मोठी गाडी घेण्याचा धोका इथे आहे. इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर साधा विमा ते भरत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम आधी घ्यावे लागते.

दिव्यांचा शौक सध्या टपावर गेला आहे. लांबलचक एलईडी पट्टी, १८० वॅटची म्हणजे बारा व्होल्टवर पंधरा अँपिअर. बारीक तारेने, रिले न लावता मूळच्या वायरिंगमधून ती जोडली की पहिल्या पावसाळ्यातच वास येतो. गोंदियात धानाच्या मिली, म्हणजे उंदीर आलेच. त्यांनी कुरतडलेल्या वायरीवर असा भार आला तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. शिवाय रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपवणारा असा दिवा नियमातच बसत नाही. धुक्यासाठी खाली, बंपरच्या पातळीला लावलेले पिवळे दिवे जास्त कामाचे. डिसेंबर-जानेवारीत तलावांच्या काठाने पहाटे निघणाऱ्याला ते पटेल.

पुढचा लोखंडी गार्ड हा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत वाईट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ ला राज्यांना पत्र लिहून त्यावर कारवाई करायला सांगितले. कारण दिखाऊ नाही. धडकेच्या वेळी गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का खातो आणि सेन्सर एअरबॅग उघडतो. गार्ड तो धक्का थेट चौकटीत पोचवतो, एअरबॅगची वेळ बिघडते. पायी चालणाऱ्याला तर तो गार्ड हातोडाच. कायद्याचे बाकीचे थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते, नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या जीपची हाडे जोडून नवी जीप उभी करण्याचा मोठा धंदा चालत आला. तिथून मागवलेली सुंदर ‘लँडी’ इकडे आणणाऱ्याने आधी कागद पाहावेत, मग रंग. आणि दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा. अपघातानंतर सर्वेक्षक येतो, न कळवलेला बदल पाहतो आणि दावा अडतो.

गार्ड लावणारे इकडे एक कारण हमखास देतात: जंगलातला रस्ता, रानडुक्कर आडवे येते. येते खरे. पण ज्या रस्त्यांवर ते येते ते रस्ते कुणाचे, हेही पाहावे. नवेगाव आणि नागझिरा यांना २०१३ च्या डिसेंबरात मिळून व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या दोन जंगलांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो आणि गोंदिया-कोहमारा मार्गही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच मार्गावर, मुरदोलीच्या जंगलात, एक तरुण वाघ मोटारीच्या धडकेने मेला. त्याचा रस्त्यावरून खुरडत जातानाचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या रस्त्यावर लागते ती वस्तू म्हणजे ब्रेकवरचा पाय. साठवरून चाळीसवर आलेली गाडी निम्म्याहून कमी अंतरात थांबते.

जंगलात गाडी घालण्याचे म्हणाल तर अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, राखीव वनात वाट सोडून गाडी घालणे १९२७ च्या वन कायद्याने. रात्री टपावर दिवे लावून जंगलकडेने फिरणारी जीप म्हणजे शिकारी, असेच गावकरी आणि वनखाते दोघेही समजतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हे तालुके नक्षलग्रस्त म्हणून ओळखले गेले. तिथे ‘दणकट गाडी’ या शब्दाला वेगळाच अर्थ होता. शेजारच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेडा येथे १ मे २०१९ ला भूसुरुंगाच्या स्फोटात गाडीतून निघालेले १५ पोलीस आणि चालक ठार झाले. या भागात जवान मैलोन्‌मैल पायी का चालत, याचे उत्तर त्यात आहे. अशा वाटांवर नुसत्या मौजेसाठी अनोळखी गाड्यांचा ताफा न्यायचा म्हणजे स्थानिकांच्या जिवाला घोर.

जुनी जीप घेऊन ती उभी करावी, हा मार्ग मला अजूनही सर्वांत आनंदाचा वाटतो, पण तो आक्रसत चालला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते. त्या लिलावात माणसाच्या हाती न येता भंगारात जातात. वनखात्याच्या आवारात गवतात उभ्या असलेल्या एमएम ५४० लिलावात घेऊन घरी नेणारे लोक पूर्वी असत. खासगी जुन्या गाडीची फेरनोंदणी होते, पण फिटनेस आणि पर्यावरण कर भरून. हौस असेल तर मालक पहिला, कागद पूर्ण, इंजिन क्रमांक जुळणारा अशीच घ्यावी. चौकटीला गंज आहे का ते पाटे जिथे बसतात तिथे हातोडीने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला तर परत फिरावे.

राहिला प्रश्न चालवायचे कुठे. गरज दिवसेंदिवस कमी होते आहे, हे आधी मान्य करू. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने गावे डांबराला जोडली, २०२१ पासून मातोश्री योजनेतून पाणंद रस्ते खडीकरणाला लागले. कामाचा दर्जा गावागणिक वेगळा, पण पूर्वी जीपच जायची तिथे आता स्कूटी जाते. हौशीची जागा उरते ती शेताची. पावसाळ्यात भरल्या बांधीत गाडी घालणे म्हणजे शेजाऱ्याचा धुरा फोडणे, आणि धुरा फुटला की त्याचे पाणी आणि पऱ्हे दोन्ही गेले. शिवाय सारस. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः याच जिल्ह्यात आहेत, आणि ते जुलै-ऑगस्टात धानाच्या बांध्यांत, तलावाच्या काठी घरटे करतात, म्हणजे चिखलाची मजा घ्यायला माणूस निघतो नेमके तेव्हा. मोकळीक मिळते ती कापणी होऊन धान घरात आल्यावर, स्वतःच्या किंवा विचारून घेतलेल्या शेतात, डिसेंबरच्या पुढे. इटियाडोहच्या कालव्यावर उन्हाळी धान घेणाऱ्या गावांत तेवढीही नाही. तिथे जानेवारी सरता सरता पुन्हा रोवणी लागते.